ट्रॉलीवरचा जनरेटर : निवड आणि बसवणूक
(प्रस्तावना)

सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर बहिरमची यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. बाकीच्या यात्रांना माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतो. बहिरमला वऱ्हाडी माणूस मुक्कामाला जातो. राहुटी ठोकायची, तीन दगडांची चूल मांडायची, मातीच्या हंडीत मटण नाहीतर वांग्याची भाजी शिजवायची, पाहुण्यारावळ्यांना हाक मारून जेवू घालायचं आणि रात्री तिथंच अंग टाकायचं. आधी बैलगाड्या आणि दमण्या जायच्या, आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप जातात. कंदील गेले, गॅसबत्त्या गेल्या. त्यांच्या जागी राहुटीच्या मागे दोरी ओढून सुरू करायचा छोटा जनरेटर आला. घर सोबत घेऊन हिंडायची हौस आपल्याकडे पूर्वीपासूनच आहे. त्या घरात दिवा, पंखा आणि मोबाइलचा चार्जर लागायला लागला, एवढाच काय तो फरक पडला.

पंढरीच्या वाटेवरही हेच दिसतं. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते, शेगावहून गजानन महाराजांची निघते. मोठ्या पालख्यांबरोबर आणि गावोगावच्या दिंड्यांबरोबर सामानाचा ट्रक असतो. त्यात स्वयंपाकाची भांडी, पाण्याच्या टाक्या, ताडपत्र्या, औषधाची पेटी आणि कोपऱ्यात दोरानं करकचून बांधलेला जनरेटर असतो. मुक्कामाच्या शाळेत किंवा मळ्यात वीज असेलच असं नसतं. कीर्तनाचा माइक, जेवणाच्या पंगतीवरचा उजेड, आजारी वारकऱ्याच्या उशाशी लागणारा पंखा, सगळं त्या एका यंत्रावर चालतं. मंडप-डेकोरेशनवाल्यांचं तर पोटच त्यावर आहे.

अलीकडे यात नवे लोक आले. महाराष्ट्र शासनानं 2021 साली कॅरव्हान पर्यटनाचं धोरण मंजूर केलं आणि चाकांवरचं घर हा विषय पुण्या-मुंबईबाहेरही बोलला जाऊ लागला. महागडी तयार कॅरव्हान सगळ्यांना परवडत नाही. मग कुणी जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर पत्र्याची खोली उभारून घेतो, कुणी गाडीमागे ओढायचा छोटा डबा बनवून घेतो. दर्यापुरात, अंजनगावात, मूर्तिजापुरात ट्रॉल्या आणि शेतीची अवजारं बनवणारे कसबी कारागीर आहेत. चेसिस, ॲक्सल, पाट्या, हूक ही त्यांच्या हातातली कामं. गिऱ्हाईक शेवटी विचारतं, "दादा, याच्यावर जनरेटर कुठी बसवता?" आणि दादा बहुतेक वेळा जिथं जागा उरली असेल तिथं बसवून देतो. ही पुस्तिका त्या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला लिहिली आहे, म्हणून तिची ओळख करून द्यायला मला आनंद होतो. वायरिंग शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. या एका प्रश्नावर मराठीत, कारागिराच्या हातात देता येईल असं काही असावं, असं मला फार वर्षं वाटत होतं.

लेखकानं पुस्तिकेची सुरुवात दुकानातून केलेली नाही, कागद-पेन्सिलीपासून केली आहे. हे मला सगळ्यात आवडलं. जनरेटर घ्यायला निघालेला माणूस "दोनचा घेऊ की तीनचा?" असं विचारतो, म्हणजे किती केव्हीएचा. पण आपण काय चालवणार आहोत, किती तास, एका वेळी किती गोष्टी, हे त्यानं लिहून काढलेलं नसतं. चौघांच्या कुटुंबाचा एका रात्रीचा हिशेब मांडून बघा. नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास, म्हणजे साधारण 135 वॅट-तास. तीस वॅटचा नव्या जातीचा बीएलडीसी पंखा दहा तास, म्हणजे 300. चार मोबाइल, 60. नळाला पाणी देणारा छोटा बारा व्होल्टचा पंप आणि किरकोळ धरून आणखी थोडं. सगळं मिळून अर्ध्या युनिटाच्या आसपास. बारा व्होल्टची शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी सव्वा युनिट साठवते, आणि छपरावरचं सौर पॅनल दुसऱ्या दिवशी ती भरून काढतं. अशा कुटुंबाला जनरेटरची गरजच नाही. पुस्तिकेचं नावच जनरेटरचं असताना लेखक पहिल्याच प्रकरणात "तुम्हाला तो बहुधा लागणार नाही" असं सांगतो. जे दुकानदार सांगणार नाही ते त्यानं सांगितलं आहे.

गरज कधी पडते? उष्णता निर्माण करणारं काही चालवायचं असेल तेव्हा आणि थंडावा निर्माण करणारं काही चालवायचं असेल तेव्हा. उष्णतेचं उत्तर सोपं आहे. पेट्रोल जाळून वीज करायची आणि त्या विजेवर शेगडी किंवा गीझर तापवायचा, यात पैशाचा धूर होतो. चहा-स्वयंपाक गॅसवर करा, अंघोळीचं पाणी चुलीवर तापवा. थंडाव्याचा प्रश्न मात्र वऱ्हाडात खरा आहे आणि त्याचं उत्तर बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. परदेशी पुस्तकं एसी गृहीत धरूनच जनरेटर निवडायला सांगतात. आपल्याकडे कूलर आहे.

अकोला-दर्यापूर पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, पण हवा कोरडी असते. अशा हवेत कूलरसारखं दुसरं काही नाही. कोकणात किंवा मुंबईत तोच कूलर नुसती चिकचिक करतो, कारण तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते. आपल्याकडे ओल्या खसातून किंवा जाळीतून आलेली हवा खोलीत शिरते तेव्हा माणसाचा जीव थाऱ्यावर येतो. मध्यम कूलर, पंप धरून, दोनशे वॅटच्या आत-बाहेर चालतो. एक टनाचा एसी पूर्ण भरात हजार वॅटच्या वर घेतो. म्हणजे कूलरवाल्याला एक केव्हीएचा हातात उचलून नेता येणारा जनरेटर पुष्कळ होतो, तर एसीवाल्याला तीन केव्हीएची भाषा करावी लागते. जनरेटरच्या किमतीत, वजनात, पेट्रोलात आणि आवाजात पडणारा सगळा फरक या एका निवडीतून येतो. कूलरला पाणी लागतं, एका रात्रीत टाकी रिकामी होते, ही अडचण खरी. पण ट्रॉलीवर दोनशे लिटरची टाकी बसवणं तीन केव्हीएचं यंत्र बसवण्यापेक्षा सोपं आहे. पावसाळी दमट दिवसांत किंवा किनाऱ्याकडे जायचं असेल तर मात्र कूलरचा हट्ट धरू नये.

एसी ठेवायचाच असेल तर इन्व्हर्टर एसी घ्या. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू भाराच्या तीन ते पाच पट करंट ओढतो. त्या एका क्षणासाठी जनरेटर मोठा घ्यावा लागतो आणि मग तो रात्रभर अर्ध्या भारावर पेट्रोल पीत बसतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग धरतो, म्हणून तो धक्का बसत नाही. उंची आणि ऊन हे दोन घटकही हिशेबात घ्यायला हवेत. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास आहे, दर्यापूरहून साधारण आठशे मीटर वर. विरळ हवेत इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि दर तीनशे मीटरला त्याची शक्ती तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. दर्यापुरात जेमतेम भार ओढणारं यंत्र चिखलदऱ्याच्या पठारावर धापा टाकतं. उन्हानंही शक्ती घटते. म्हणून जो आकडा निघेल त्यावर निदान पंचवीस टक्के वाढ धरावी, हा लेखकाचा सल्ला मला पटतो.

यंत्रांच्या जाती मुख्यतः तीन. साधा पेट्रोल जनरेटर दर मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनी सतत फिरतो, कारण आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी त्याला तोच वेग लागतो. एक दिवा लावा की दहा, आवाज तोच. इन्व्हर्टर जनरेटर आधी वीज सरळ करतो, मग इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून हवी तशी बनवून देतो, त्यामुळे भार कमी असला की इंजिनही सावकाश फिरतं. आवाज कमी, पेट्रोल कमी, वीज स्वच्छ. किंमत बरीच जास्त. तिसरा डिझेलचा. तो जड असतो, लहानातला लहान बंद डब्याचा सेटही दीडशे किलोच्या वर जातो, पण तास न् तास मोठा भार ओढायला त्याला तोड नाही.

इथं लेखकाशी माझा एक मतभेद नोंदवतो. कुटुंबाच्या फिरत्या घरासाठीही, डिझेल सहज मिळतं आणि ट्रॅक्टरमधूनच काढता येतं म्हणून, त्यानं लहान डिझेल सेटकडे झुकतं माप दिलं आहे. मला ते मान्य नाही. डिझेल पेट्रोलइतकं झटकन पेट घेत नाही, हे खरं. तरीही दीडशे किलोचं कंप पावणारं धूड माणसं झोपतात त्या डब्यावर नको. दिंडीचा ट्रक, मंडपवाले, फिरता दवाखाना यांना डिझेल सेट शोभतो, आणि तोही स्वतंत्र चाकांच्या गाड्यावर, मंडपवाले नेतात तसा. कुटुंबानं इन्व्हर्टर जनरेटरच घ्यावा, नवा परवडत नसेल तर वर्षभर पैसे साठवून घ्यावा. यात आवाजाचाही मुद्दा आहे. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. साधा जनरेटर ती केव्हाच ओलांडतो. कायदा बाजूला ठेवला तरी शेजारच्या राहुटीत तान्हं लेकरू निजलेलं असतं.

आता बसवणुकीकडे येतो. पुस्तिकेचा आणि या प्रस्तावनेचाही खरा जीव इथं आहे.

आपल्याकडे जनरेटरसाठी सर्रास निवडली जाणारी जागा म्हणजे ट्रॉलीचा मागचा भाग. मागे अँगल वेल्ड केला, त्यावर पत्रा टाकला, जनरेटर ठेवला, साखळी गुंडाळली, झालं. बैलगाडी हाकलेला कुठलाही धुरकरी याला हरकत घेईल. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. दोन चाकांच्या ट्रॉलीला तोच नियम लागू आहे. साधा हिशेब करा. ॲक्सलच्या दोन मीटर मागे साठ किलोचा जनरेटर ठेवला आणि हूक ॲक्सलच्या तीन मीटर पुढे असेल, तर हुकावरचं चाळीस किलो वजन कमी होतं आणि ॲक्सलवर साठाऐवजी शंभर किलो पडतं. गाडीमागे ओढायच्या डब्याच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर असावा लागतो. आठशे किलोच्या डब्याला हुकावर निदान ऐंशी किलो हवे. त्यातले चाळीस तुम्ही एका जनरेटरपायी घालवले. मग वेग वाढला किंवा शेजारून ट्रक सुसाट गेला की डबा नागमोडी हेलकावे खायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही ओढून नेतो. म्हणून लेखक जनरेटर पुढे, हूक आणि डब्याची भिंत यांच्यामधल्या त्रिकोणी सांगाड्यावर ठेवायला सांगतो. तिथं ठेवल्यावरही हुकावर वजन फार होत नाही ना, हे वजनकाट्यावर पाहून घ्यावं. काटा जिनिंगवर असतो, बाजार समितीत असतो. डबा एकदा पूर्ण तोलायचा, मग नुसता हुकाचा भाग काट्यावर टेकवून तोलायचा. मोठ्या काट्यावर हुकाचं थोडं वजन नीट कळणार नाही, त्यासाठी धान्य तोलायचा छोटा काटा चालतो.

सांगाडा कसा असावा, याची आकृती पुस्तिकेत दिली आहे. दोन गोष्टींवर मी भर देतो. जनरेटर लोखंडावर थेट बोल्टनं आवळू नये. मध्ये रबरी माउंटिंग हवं आणि नट न सुटणारे, नायलॉनच्या कड्याचे हवेत. आपले रस्ते आणि इंजिनाचा कंप मिळून साधा नट किती दिवस टिकू देतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आणि सांगाडा चौकटीला वेल्ड करायचा. डब्याच्या पातळ पत्र्याच्या भिंतीवर त्याचा भार अजिबात येता कामा नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही बसवणूक वाहून नेण्यासाठी करायची, चालवण्यासाठी नाही. प्रवासात जनरेटर ट्रॉलीवर असावा. मुक्कामाला पोचलं की खाली उतरवून डब्यापासून निदान वीस फूट लांब ठेवावा आणि तिथंच सुरू करावा. त्यासाठी सांगाड्यात सरकता तराफा हवा, दोघांना उचलता येईल इतकंच वजन हवं आणि तीन तारांची, अडीच चौरस मिलिमीटरची, पुरेशी लांब केबल हवी. कुटुंबानं हलकं यंत्र घ्यावं, हा माझा आग्रह इथूनच येतो. उचलता येत नाही ते यंत्र माणूस जागेवरच चालवतो.

जागेवर चालवलं तर काय होतं? डिसेंबर 2024 मध्ये केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरव्हानमध्ये दोन माणसं मृत सापडली. आतल्या एसीसाठी जनरेटर चालू होता. तपासात भाग घेतलेल्या कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांना आढळलं, की जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीच्या तळातल्या छिद्रातून आत शिरला होता. तळात एक छिद्र होतं, एवढंच. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूला जितक्या ओढीनं धरतं, त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीनं या वायूला धरतं. माणूस झोपेतून उठतच नाही.

कूलरबद्दल मी वर भरभरून लिहिलं, त्याची दुसरी बाजू इथं सांगितलीच पाहिजे, कारण पुस्तिकेत ती एका ओळीत उरकली आहे. कूलर खिडकीच्या बाहेर लागतो, बाहेरची हवा ओढतो आणि आत लोटतो. जनरेटर त्याच बाजूला, कूलरच्या जाळीपासून चार हातांवर फटफटत असेल, तर कूलर त्याचा धूर ओढून ओल्या खसातून गार करून थेट झोपलेल्या माणसांच्या तोंडावर सोडतो. खसाला वायू गाळता येत नाही. उलट कूलरला शुद्ध हवा मिळत असेल, तर तो आतला दाब किंचित वाढवतो आणि फटींतून बाहेरचं आत येऊ देत नाही. तेच यंत्र एका बाजूला राखण करतं आणि दुसऱ्या बाजूला जीव घेतं. म्हणून डबा बनवून घेतानाच ठरवा: कूलरची खिडकी एका अंगाला, जनरेटरची केबल निघायची जागा त्याच्या विरुद्ध अंगाला. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून डबा उभा करताना कूलर पश्चिमेला आणि जनरेटर पूर्वेला ठेवावा. पण मध्यरात्रीनंतर वारा पडतो आणि धूर जमिनीलगत रेंगाळतो. तेव्हा दिशेपेक्षा अंतरच कामाला येतं.

बहिरमच्या थंडीत धोका आणखी वेगळा. गारठा पडला की राहुटीची कनात खाली सोडून चारी बाजूंनी दगड ठेवले जातात, आणि चोरीच्या भीतीनं जनरेटर आत नाहीतर कनातीला चिकटून ठेवला जातो. चोरीची भीती खोटी नाही. त्यावर उपाय जाड साखळी, चांगलं कुलूप आणि जमिनीत ठोकलेली लोखंडी मेख हा आहे. आणि या वायूच्या बाधेची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, सांगून ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर. यात्रेत असं झालं की "हंडी बाधली", "पित्त चढलं", "ऊन लागलं" म्हणून लिंबू-पाणी दिलं जातं आणि माणसाला आत निजवलं जातं. एकाच डब्यातल्या दोघा-तिघांना एकदम असं व्हायला लागलं, तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्यावर काढा, जनरेटर बंद करा, मग पुढचं बघा आणि दवाखान्यात न्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाजारात मिळतो. तो झोपायच्या जागेजवळ लावावा. धुराचा अलार्म वेगळा असतो, त्याला हा वायू कळत नाही.

अर्थिंगचं प्रकरण लेखकानं खास आपल्या भागासाठी लिहिलं आहे. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातलं पाणी खारं आणि माती काळी, चिकण. ओली असताना ही माती वीज छान वाहून नेते. पण उन्हाळ्यात तिला हात-हातभर भेगा पडतात, ठोकलेल्या सळईभोवती पोकळी होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. सळई ठोकल्यावर भोवती पाणी ओतावं, माती दाबावी, दर मुक्कामाला नव्यानं हे करावं. खारामुळे लोखंड लवकर गंजतं, म्हणून तांब्याचा मुलामा असलेली सळई घ्यावी. त्याहून नाजूक मुद्दा असा, की पुष्कळशा छोट्या जनरेटरांत न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो, तो तरंगता असतो. अशा यंत्राला डब्यातलं तीस मिलिअँपिअरचं ईएलसीबी नुसतं लावलं, तर ते गळती ओळखत नाही. न्यूट्रल आणि अर्थ एका ठिकाणी जोडावे लागतात, तेव्हाच ते काम करतं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, आणि ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका. त्याच्याकडून मीटर लावून तपासून घ्या.

दुसरी गोष्ट मला हात जोडून सांगायची आहे. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कुणीही बनवू नये, कुणी बनवलेली असेल तर कापून टाकावी. गावात वीज गेली की हौशी लोक डब्याचा जनरेटर घरात आणतात आणि त्या वायरनं भिंतीतल्या सॉकेटमधून घरात वीज सोडतात. मेन स्विच चालू राहिला, तर ती वीज खांबावर जाते आणि रोहित्रातून उलट्या दिशेनं चढत हजारो व्होल्टची होते. खांबावर चढलेला लाइनमन वीज बंद आहे असं समजून तारेला हात लावतो. घर आणि जनरेटर यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच हवाच, मग घर दगडाचं असो की चाकांवरचं.

बाकीच्या गोष्टी पुस्तिकेत सविस्तर आहेत, मी फक्त बोट दाखवतो. पावसाळ्यात काळ्या रानात चाक रुतून डबा कलतो. जनरेटर तसाच कलता चालवला तर ऑइल एका बाजूला जातं आणि ऑइल कमी झाल्याचं समजून तो आपोआप बंद पडतो. त्या सेन्सरची वायर तोडून "दुरुस्ती" करणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका, खाली फळी घाला. कापसाच्या हंगामात हवेत तंतू उडतात, ते एअर फिल्टर आणि इंजिनाच्या पंखुड्यांमध्ये बसतात. दर मुक्कामी झटका. जनरेटर चालू असताना किंवा तापलेला असताना पेट्रोल भरू नका. पेट्रोलचा डबा आणि गॅसचं सिलेंडर जनरेटरच्या पेटीत ठेवू नका. डिझेल सेट पाण्यानं थंड होणारा असेल, तर रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी ओतू नका, वर्षभरात नळ्या क्षारांनी बुजतात. आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं. यात्रा संपल्यावर टाकीत पेट्रोल तसंच ठेवून यंत्र कोपऱ्यात लोटलं, तर पुढच्या डिसेंबरला दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते. टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग ठेवून द्या.

या पुस्तिकेत एक उणीव आहे. ट्रॉलीची नोंदणी, शेतीच्या ट्रॉलीत माणसं बसवून नेण्याला असलेली कायद्याची मनाई आणि विमा, यांवर लेखकानं लिहिलेलं नाही. पुढच्या आवृत्तीत त्यावर प्रकरण यावं. तोवर वाचकांनी परिवहन कार्यालयात विचारूनच डबा रस्त्यावर काढावा आणि चालत्या डब्यात कुणालाही बसवू नये.

कारागीर बंधूंना माझी एक विनंती आहे. गिऱ्हाइकानं डब्याला खेटून किंवा डब्याच्या आत जनरेटर चालेल अशी पेटी करून मागितली, तर नाही म्हणा. काम गेलं तर जाऊ द्या. त्याला ही पुस्तिका द्या, या प्रस्तावनेतलं कूलरचं पान उघडून दाखवा आणि सरकता तराफा करून द्या. खर्चात फार फरक पडत नाही. वाचकांनी पहिलं प्रकरण वाचताना कागद-पेन्सिल जवळ घ्यावी आणि आपल्या घरातल्या एका रात्रीचा भार मांडावा. तो आकडा हातात आल्याशिवाय दुकानात जाऊ नये.